पाव, कोबी आणि कोळशाचं पोतं : रोममधले सहा दिवस

दिवस पहिला

रोमला जायचं ठरलं ते ह्यांच्या हट्टापायी. निवृत्त झाल्यापासून ह्यांना दुसऱ्या महायुद्धाचं वेड लागलंय. त्यातही ग्रेगरी पेकचा टीव्हीसाठी केलेला १९८३ सालचा एक सिनेमा ह्यांनी किती वेळा बघितला असेल याची गणती नाही. व्हॅटिकनमधला एक उंचापुरा आयरिश पाद्री पळून आलेल्या युद्धकैद्यांना लपवतो आणि गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, प्रमुख त्याच्यावर टपून बसलेला असतो, अशी ती गोष्ट. गोष्ट खरी, माणसंही खरी. मी आपली शेजारी बसून दुसऱ्या दिवसाची भाजी निवडायचे. सदाशिव पेठेत एकवीस वर्षं खानावळ चालवली मी. त्यामुळे सिनेमा बघताना मला एकच प्रश्न पडायचा, आणि तो मी दरवेळी विचारायचे. "अहो, पण एवढ्यांना जेवायला कोण घालतंय?"

"तू गप गं," हे म्हणायचे.

तर त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला म्हणून मीही निघाले. शिवाय दुसरं एक कारण होतं, ते पुढे सांगते.

उतरलो ते बोर्गो पियोजवळ, एका मठाच्या पाहुण्यांच्या खोल्यांमध्ये. रोममधले बरेच मठ अशा खोल्या देतात. स्वच्छ, साध्या, हॉटेलपेक्षा स्वस्त. अट एकच, रात्री साडेदहाला दार बंद. दार उघडणाऱ्या सिस्टर सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी आमच्या बॅगा बघितल्या, मग माझ्या कपाळावरची टिकली बघितली आणि इटालियनमध्ये काहीतरी लांबलचक सांगितलं. त्यातलं मला फक्त दहा आणि तीस समजलं.

संध्याकाळी सेंट पीटरच्या चौकात गेलो. मोठ्या खांबांच्या दोन कमानदार रांगा जिथे संपतात तिथे फरसबंदीत पांढऱ्या दगडाची एक पट्टी आहे. पट्टीच्या अलीकडे इटली, पलीकडे व्हॅटिकन. १९४३-४४ साली रोम जर्मनांच्या ताब्यात होतं तेव्हा गेस्टापोप्रमुख हर्बर्ट कॅप्लरने याच सीमेवर पांढरी रेघ मारून घेतली होती. निरोप सरळ होता : मॉन्सिन्योर ह्यू ओफ्लाहर्टीने, म्हणजे सिनेमातल्या त्या आयरिश पाद्र्याने, ही रेघ ओलांडली की त्याला उचलायचा.

आता तिथे एक लहान मुलगा लंगडी घातल्यासारखा उड्या मारत होता. इटली, व्हॅटिकन, इटली, व्हॅटिकन. हे त्याच्याकडे बघत राहिले. मीही ओलांडून बघितली. चप्पल थोडी चावत होती, बाकी काही नाही.

दिवस दुसरा

ओफ्लाहर्टी राहायचे ते कोलेजिओ तेउतोनिकोमध्ये, म्हणजे जर्मन पाद्र्यांच्या निवासात. गंमत बघा, इंग्रजांना लपवणारा आयरिश माणूस, राहायला जर्मनांच्या घरात. चौकाच्या डाव्या अंगाला स्विस गार्ड उभे असतात. त्यांना "कांपो सांतो तेउतोनिको" एवढं म्हटलं की सकाळच्या वेळी आत सोडतात. आत एक छोटी दफनभूमी आहे. ताडाची झाडं, वेली, आणि बाहेरच्या गर्दीचा मागमूसही नाही. ओफ्लाहर्टींच्या नावाची पाटी तिथे लागली ती २०१६ साली. एवढ्या उशिरा का, असं मी ह्यांना विचारलं. ह्यांनी खांदे उडवले.

इथे बसून ह्यांनी मला सगळं रीतसर सांगितलं, आणि पहिल्यांदाच मी भाजी न निवडता ऐकलं.

युद्धाच्या सुरुवातीला ओफ्लाहर्टी पोपच्या वकिलातीतर्फे इटलीतल्या युद्धकैद्यांच्या छावण्यांमध्ये फिरत. बेपत्ता सैनिकांची नावं टिपून घ्यायची आणि ती व्हॅटिकन रेडिओवरून घरच्यांपर्यंत पोचवायची. त्यामुळे हा उंच, गॉल्फ खेळणारा, मोठ्यांदा हसणारा पाद्री हजारो कैद्यांनी पाहिलेला होता. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने शरणागती जाहीर केली तेव्हा देशात दोस्तराष्ट्रांचे सुमारे ऐंशी हजार कैदी होते. इटालियन पहारेकरी चालते झाले. वरून आदेश असा की छावणीतच थांबा, आपलं सैन्य येतंय. ज्यांनी तो पाळला त्यांतल्या अनेकांना जर्मनांनी तिथेच गाठून गाड्यांत भरलं. ज्यांनी मोडला ते डोंगरात पसरले, आणि काही रोमच्या वाटेला लागले. रोममध्ये ओळखीचा कोण? तर तो पाद्री. आणि तो रोज संध्याकाळी सेंट पीटरच्या पायऱ्यांवर उभा असायचा, सगळ्यांना दिसेल असा.

मला आवडलं ते हे, की या माणसाला इंग्रजांविषयी अजिबात प्रेम नव्हतं. आयर्लंडमध्ये तरुणपणी त्याने इंग्रजांच्या शिपायांचे अत्याचार बघितले होते, मित्र गमावले होते. तरी दाराशी आलेला इंग्रज सोजीर त्याने परत पाठवला नाही.

मेजर सॅम डेरी नावाचा ब्रिटिश अधिकारी चालत्या गाडीतून उडी मारून पळाला आणि रोममध्ये शिरला तो शेतकऱ्याच्या गाडीत, कोबीच्या ढिगाखाली दडून. पुढे हाच डेरी ओफ्लाहर्टींबरोबर जर्मन कॉलेजात राहून सगळा हिशेब बघू लागला. सगळ्यांना टोपणनावं होती. ओफ्लाहर्टींचं नाव 'गॉल्फ'. व्हॅटिकनमध्येच अडकून पडलेले ब्रिटिश राजदूत डार्सी ऑस्बोर्न म्हणजे 'माउंट'. पैसा त्यांच्याकडून यायचा. त्यांचा बटलर जॉन मे म्हणजे कुठूनही काहीही पैदा करणारा माणूस. असा एक माणूस प्रत्येक खानावळीला लागतो. माझ्याकडे मंडईतला एक हमाल होता, गॅसच्या टंचाईतही त्याने मला कधी सिलिंडर कमी पडू दिला नाही. बाकी मी विचारत नसे.

आणि मग माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. घरात ठेवून घेतलेल्या दर माणसामागे दिवसाला १२० लिरा, हा ठरलेला दर. ते पैसे पाद्री झग्याच्या आत लपवून घरोघर पोचवायचे. शिधापत्रिका नाही, कारण लपलेल्या माणसाला शिधापत्रिका कुठली? म्हणजे सगळं काळ्या बाजारातून. १९४४ च्या वसंतात रोममध्ये माणशी पावाचं रेशन दिवसाला शंभर ग्रॅमवर आलं होतं. शंभर ग्रॅम म्हणजे आपल्या दोन-अडीच पोळ्या, आणि त्यासुद्धा भुसा मिसळलेल्या. त्यात हेन्रिएटा शेव्हेलिए नावाच्या माल्टाच्या विधवा बाईने आपल्या लहानशा घरात, लेकींच्या गोतावळ्यात, वरचेवर चार-पाच सैनिक ठेवले. गादीवर गादी, जागा मिळेल तिथे. या गुप्त संघटनेत तिला 'मिसेस एम' म्हणायचे. इमारतीचा रखवालदारही सामील होता. तिला कोणी थांबायला सांगितलं तर ती ऐकायची नाही.

पाच दणकट तरुण, तेही महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेले, एकेका वेळी किती खातात हे मला कुणी शिकवायला नको. आणि दुसरीही एक गोष्ट आहे. बाजारातून कोण किती सामान नेतं यावर गल्लीचं बारीक लक्ष असतं. दोन माणसांच्या घरात अचानक सात माणसांची भाजी यायला लागली की शेजारणीला कळतंच. ती बाई रोज वेगळ्या दुकानात जात असणार. हे मी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "हे कुठे लिहिलेलं नाही." नसेल. पण पिशवी उचलणाऱ्याला विचारा.

दुपारी डोरिया पाम्फिली वाड्यात गेलो. कोर्सो रस्त्यावर. आत चित्रांचा खजिना आहे, वेलास्केझने काढलेला पोप दहावा इनोसंट तिथे असा रोखून बघतो की आपणच काहीतरी चोरलंय असं वाटावं. पण आमचं लक्ष तळघराकडे. वाड्याचे मालक प्रिन्स डोरिया पाम्फिली फॅसिस्टांच्या विरोधातले, ओफ्लाहर्टींना पैसे द्यायचे. एकदा मॉन्सिन्योर पैसे न्यायला आले असताना कॅप्लरच्या माणसांनी वाडा वेढला. त्याच वेळी तळघरात हिवाळ्याचा कोळसा उतरवत होते. ओफ्लाहर्टींनी झगा काढून पोत्यात कोंबला, तोंडाला कोळसा फासला आणि पोतं खांद्यावर टाकून पहाऱ्यातून चालत बाहेर पडले. हमालाकडे कोण बघतंय.

आयर्लंड तटस्थ होता, तरी तिथल्या राजदूताची बायको डीलिया मर्फी, जी लोकगीतांची प्रसिद्ध गायिका होती, नवऱ्याच्या तटस्थपणाकडे काणाडोळा करून या कामात पडली होती.

संध्याकाळी नवोना चौकात भाजलेले चेस्टनट घेतले. तिथून जवळच सांता मारिया देल्ला आनिमा हे जर्मनभाषकांचं चर्च आहे. याचा रेक्टर बिशप आलोइस हुडाल. युद्ध संपल्यावर याच माणसाने त्रेब्लिंका मृत्युछावणीचा कमांडंट फ्रान्झ श्टांगलला पळून जायला मदत केली. म्हणजे झगा तोच, दार उघडणंही तेच, फक्त कुणासाठी उघडलं त्यात फरक. चेस्टनट चांगले होते, पण मला जाईनात.

दिवस तिसरा

या दिवसाबद्दल फार लिहिणार नाही.

व्हिया तास्सो, क्रमांक १४५. साधी राहती इमारत, समोरही साध्या राहत्या इमारती, गॅलऱ्यांत कपडे वाळत घातलेले. कॅप्लरचं मुख्यालय इथे होतं. आता संग्रहालय आहे, तिकीट नाही. घरांच्या खोल्या तशाच आहेत, फक्त खिडक्या विटांनी बुजवलेल्या. एका खोलीत स्वयंपाकघराच्या फरश्यांची खूण दिसते की काय असं मला वाटून गेलं. भिंतींवर कैद्यांनी नखांनी, खिळ्यांनी कोरलेला मजकूर आहे. तारखा, क्रॉस, आईसाठी निरोप. एक शाळेचा वर्ग आला होता. मुलं आत शिरताना गडबड करत होती, बाहेर पडताना करत नव्हती.

तिथून सान जोव्हान्नीच्या बॅसिलिकेवरून पुढे. तिच्या आवारातल्या सेमिनरीत बोनोमी, दे गास्पेरी, नेन्नी यांच्यासारखे नेते लपले होते, म्हणजे युद्धानंतरचं इटलीचं राजकारण त्या भिंतीआड एकाच ताटात जेवत होतं. तिथून २१८ नंबरची बस फोस्से आर्देआतिनेला जाते.

२३ मार्च १९४४ ला व्हिया रासेल्लामध्ये बॉम्बहल्ल्यात जर्मनांचे ३३ पोलीस मेले. एकामागे दहा, असा हिशेब लावून दुसऱ्या दिवशी या गुहांमध्ये ३३५ जणांना गोळ्या घातल्या. हिशेबातही पाच जास्त. वर आता एकच अवाढव्य काँक्रीटची शिळा आहे, आणि तिच्या खाली रांगेने थडगी. आत वाकून शिरावं लागतं असं वाटतं, प्रत्यक्षात लागत नाही, पण माणसं वाकतातच.

इथे पेत्रो पाप्पागाल्लो हे पाद्रीही आहेत. पळालेल्यांना, लपलेल्यांना ते आश्रय आणि खोटी कागदपत्रं द्यायचे, एका खबऱ्याने त्यांना पकडून दिलं. दुसरे एक पाद्री, जुझेप्पे मोरोसिनी, यांना ३ एप्रिलला फोर्ते ब्राव्हेत्तामध्ये गोळ्या घातल्या. ह्या दोघांची चित्रपटातल्या पाद्र्यासारखी सुटका झाली नाही.

बसथांब्यावर ह्यांनी कॅप्लरचं पुढचं सांगितलं. १९४८ मध्ये जन्मठेप. गाएताच्या तुरुंगात त्याला भेटायला कोण यायचं? ओफ्लाहर्टी. नियमित. १९५९ मध्ये कॅप्लरने त्यांच्याच हातून कॅथलिक धर्माचा बाप्तिस्मा घेतला. ह्यांचा हा फार आवडता भाग, इथे ह्यांचे डोळे भरून येतात. माझे आले नाहीत. मी नुकतीच ती ३३५ ची रांग बघून आले होते. त्यातून १९७७ मध्ये हा कॅप्लर रोमच्या लष्करी इस्पितळातून बायकोच्या मदतीने पळाला आणि जर्मनीत जाऊन पुढच्या वर्षी घरच्या अंथरुणात मेला. ओफ्लाहर्टी १९६३ मध्येच गेले होते, आयर्लंडच्या काहरसिव्हीन गावी. म्हणून त्यांना हे बघावं लागलं नाही एवढंच.

त्या रात्री आम्ही मठाच्या खोलीत दशम्या खाल्ल्या. सातारी शेंगदाण्याची चटणी होती. बाहेर जायची इच्छा नव्हती.

दिवस चौथा

सकाळी सान पाओलो फुओरी ले मुरा. ही बॅसिलिका शहराच्या वेशीबाहेर, पण मालकी व्हॅटिकनची, म्हणून सुरक्षित समजलेली. ३ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री फॅसिस्ट पोलीस ते सगळे संकेत बाजूला सारून मठात घुसले आणि साठाहून अधिक माणसं धरून नेली. त्यात भिक्षूचा झगा घातलेला एक जनरलही होता. पांढरी रेघ ही अशी. समोरच्याने मानली तर रेघ.

तिथून ओस्तिएन्से रस्त्याने चालत पोन्ते देल इन्दुस्त्रियापर्यंत गेलो. लोखंडी पूल आहे, लोक त्याला लोखंडी पूलच म्हणतात. पुलाच्या पायथ्याशी एक लहानसं स्मारक, त्यावर दहा बायकांची नावं. ७ एप्रिल १९४४ ला जवळच्या बेकरीत जर्मनांसाठी पांढरा पाव भाजतात असं कळल्यावर भुकेल्या बायकांनी ती लुटली. त्यातल्या दहा जणींना या पुलाच्या कठड्याशी उभं करून गोळ्या घातल्या, असं ते स्मारक सांगतं. पर्यटक कुणी नव्हते. एक मुलगा सायकल टेकवून सिगारेट ओढत होता.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. ह्यांनी घाई केली नाही.

कारण मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की पाच सैनिक घरात ठेवणं म्हणजे काय. पाव आणायला गेलेल्या बाईला मारतात अशा शहरात पाच माणसांचा जास्तीचा पाव रोज आणायचा. आणि परतताना पिशवी जड आहे असं दिसू द्यायचं नाही.

दुपारनंतर तिबेर बेटावर गेलो. बेटावरच्या फातेबेनेफ्रातेल्ली इस्पितळाची गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. १६ ऑक्टोबर १९४३ ला जर्मनांनी ज्यू मोहल्ला घेरला. त्याआधी महिनाही झाला नव्हता, कॅप्लरने ज्यूंकडून पन्नास किलो सोनं वसूल केलं होतं, तुम्हाला हात लावणार नाही म्हणून. हजाराहून अधिक माणसं आउश्विट्झला गेली, सोळा परत आली. नदीच्या पलीकडे काही जण या इस्पितळात शिरले. डॉक्टर जोव्हान्नी बोर्रोमेओ आणि त्यांच्या साथीदारांनी त्यांना भरती करून घेतलं आणि 'के रोग' नावाचा एक भयंकर संसर्गजन्य रोग कागदावर तयार केला. तपासणीला आलेल्या सैनिकांना खोकत राहायला सांगितलेल्या रुग्णांच्या खोलीत जायची हिंमत झाली नाही. 'के' कशाचा? कॅप्लरचा, नाहीतर फील्डमार्शल केसेलरिंगचा. डॉक्टरांना विनोदबुद्धी होती म्हणायची.

ज्यू मोहल्ल्यात आर्टिचोक तळून देतात, पाकळ्या फुललेल्या, कुरकुरीत. ते खाताना वेळेचं भान राहिलं नाही. मठाच्या दारात पोचलो तर अकराला दहा कमी. बेल वाजवली. बराच वेळ काही नाही. ह्यांचा चेहरा शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. मग आतून कडी वाजली आणि सिस्टरांनी दार उघडलं ते तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच. काय बोलल्या ते कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता. रात्री उशिरा डबा मागायला येणाऱ्या मुलांना मी नेमकी असंच बोलायचे. आणि डबा द्यायचेच.

दिवस पाचवा

तिबुर्तिना स्टेशनवरून सकाळची गाडी, पेस्कारा लाइन. डोंगर लागले की गाडी धापा टाकते. दोनेक तासांनी आवेझ्झानो आलं. हे खिडकीतून बघत राहिले, बोलले नाहीत. मीही बोलले नाही. उतरायचं उद्या, परत येताना.

पुढे सुल्मोना. रोमन कवी ओव्हिडचं गाव. गावभर साखरेच्या बदामांची दुकानं, त्यांना कॉन्फेत्ती म्हणतात. रंगीबेरंगी बदाम तारेवर बांधून फुलं करतात. आपल्या हलव्याच्या दागिन्यांची आठवण झाली. पण मी पैसे घातले ते लाल लसणावर. सुल्मोनाचा लाल लसूण नावाजलेला आहे. वेणी घातलेला गड्डा घेतला, बॅगेत वास भरून राहिला.

गावापासून पाच किलोमीटरवर फोंते दामोरे. "प्रेमाचा झरा." तिथे होती ७८ नंबरची छावणी, सुमारे तीन हजार कैद्यांची. बराकी अजून उभ्या आहेत, आम्ही कुंपणाबाहेरूनच पाहिल्या. छावणीच्या डोक्यावर मोरोने डोंगर, आणि त्याच्या कड्यावर एक आश्रम चिकटवल्यासारखा. १२९४ मध्ये पोपपद सोडून दिलेला सेलेस्तिन पाचवा त्या आश्रमात राहायचा. सप्टेंबर १९४३ मध्ये पहारेकरी गेले तसे कैदी याच डोंगरावर चढले. खालच्या गावांनी त्यांना भाकरी, चीज, जुने कपडे दिले. दोस्तराष्ट्रांचा कैदी पकडून दिला तर १,८०० लिरा बक्षीस, आणि लपवल्याचं सापडलं तर मृत्यू. दोन्ही भिंतींवर चिकटवलेलं होतं. डोंगराळ भागातल्या गरीब कुटुंबासाठी १,८०० लिरा ही लहान रक्कम नव्हती.

सुल्मोनाहून मायेल्ला डोंगर ओलांडून कासोलीला जाणारी वाट आहे, तिला आता स्वातंत्र्याची वाट म्हणतात. १९४४ च्या मार्चमध्ये बर्फातून ती वाट ओलांडणाऱ्यांत कार्लो आझेल्यो चांपी हा तरुण होता, जो पुढे इटलीचा राष्ट्रपती झाला. दरवर्षी एप्रिलमध्ये लोक ती तीन दिवस चालतात. ह्यांनी चालायची इच्छा व्यक्त केली. ह्यांच्या गुडघ्याने ती फेटाळली.

दिवस सहावा

आता ते दुसरं कारण.

माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो, मराठा पलटणीत होते. दुसरी बटालियन, पाचवी मराठा. १९४२ च्या जूनमध्ये उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं तेव्हा अख्खी बटालियन जर्मन-इटालियनांच्या हाती लागली. आप्पा आवेझ्झानोच्या ९१ नंबरच्या छावणीत आले. ती छावणी हिंदी कैद्यांची. शरणागतीनंतर तेही डोंगरात गेले आणि जवळजवळ नऊ महिने एका घराच्या गोठ्यावरच्या माळ्यावर राहिले. गावाचं नाव त्यांनी सांगितलेलं असेलही, घरात कुणी टिपून ठेवलं नाही. घरी परतल्यावर ते मक्याच्या कण्या शिजवायला लावायचे, "पोलेंता" म्हणायचे आणि मीठ कमी घाल म्हणून आजेसासूबाईंशी भांडायचे. पावाला "पाने". मी लग्न होऊन आले तेव्हा म्हातारे झाले होते, पण हे दोन शब्द तेवढे इटालियनच राहिले.

ह्यांना खरं तर एक दिवस उंब्रियातल्या मोन्तोनेला जायचं होतं. तिथे नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यतबकडी उभारलीय. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा बावीस वर्षांचा पोरगा, १० जुलै १९४४ ला तिबेरच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून मेला. पण दिवस एकच उरला होता. आदल्या रात्री बराच वाद झाला. शेवटी हे म्हणाले, "चल, आप्पाकडे."

आवेझ्झानो बघायला सुंदर नाही. १९१५ च्या भूकंपात गाव जमीनदोस्त झालं, जे आहे ते नंतरचं, सरळ रस्त्यांचं. पण गावाबाहेर पडलं की फुचिनोचं मैदान. इथे पूर्वी प्रचंड तळं होतं, एकोणिसाव्या शतकात ते आटवून शेती केली. नजर पोचेल तिथपर्यंत काळी माती. आपल्या कृष्णाकाठासारखी, म्हणजे मला तशी वाटली. बटाटा आणि गाजर इथलं नावाजलेलं. चहूकडे डोंगर, डोंगरांवर ठिपक्यांसारखी गावं. त्यातलं एक.

हे एकेका गावाकडे बोट दाखवत होते. "ते असेल. नाहीतर ते."

मला आठवत होतं वेगळंच. आजेसासूबाई सांगायच्या, बेचाळीसच्या चळवळीत वाळवा भागात भूमिगत पोरं रात्री-अपरात्री यायची. नाना पाटलांचं प्रतिसरकार तेव्हा जोरात होतं. गोठ्याच्या मागच्या दाराने भाकऱ्यांचं गाठोडं द्यायचं, दिवा लावायचा नाही. पोलीस आले की मुलगा सरकारी पलटणीत आहे असं सांगून बाई उंबऱ्यात उभी राहायची. आणि तो मुलगा त्याच महिन्यांत इकडे दुसऱ्या कुणाच्या गोठ्यावर.

स्टेशनजवळच्या भाजीवाल्याकडून पाच किलो बटाटे घेतले. "विमानात नेणार आहेस का?" हे म्हणाले. पिशवी ह्यांनीच उचलली.

रोमला मठात पोचलो तेव्हा नऊ वाजले होते, दीड तास शिल्लक. सिस्टरांनी दार उघडलं, घड्याळाकडे बघितलं आणि काही बोलायला सापडलं नाही म्हणून जरा हिरमुसल्या. मी पिशवी त्यांच्यापुढे धरली. "फुचिनो," म्हटलं. त्यांनी एक बटाटा हातात घेऊन दाबला, अंगठ्याने साल खरवडून बघितलं. बघण्याची ती पद्धत स्वयंपाक करणाऱ्याची. मी पर्समधून हिंग-मोहरीची डबी काढली, दुसऱ्या हातात लाल लसणाची वेणी, आणि आतल्या बाजूला बोट दाखवलं.

पाहुण्यांना स्वयंपाकघरात जायची परवानगी नाही. तशी पाटीच आहे.

सिस्टर पाटीकडे बघून पुढे झाल्या, दिवा लावला, खालच्या कप्प्यातून एक मोठी जाड बुडाची कढई ओढून काढली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "क्वान्ते पेर्सोने?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. "किती जणांचं करायचं, विचारतायत," हे म्हणाले.